स्वतःच्या हातांनी शिकणारे मूल

आमच्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी नातवंडांच्या शिक्षणाविषयी एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: "गनमध्ये शिकवतात तरी काय?" नातू दुपारी घरी येतो तो केसांत वाळू आणि सदऱ्यावर रंगाचे डाग घेऊन. आज काय शिकलास असे विचारावे तर "खेळलो" एवढेच उत्तर मिळते. पाटी नाही, पाढे नाहीत, पाठांतर नाही. मुंबईत, ठाण्यात, पनवेल-अलिबागेकडे ज्यांनी छडीच्या धाकाखाली बाराखडी गिरवली, त्यांना हा सारा प्रकार वेळेचा अपव्यय वाटला तर त्यात नवल नाही.

उलट बाजूने तरुण आईबापांचीही एक तक्रार असते. गनमध्ये जे मूल स्वतः पाणी ओतून घेते, स्वतः जोडे चढविते, तेच मूल आजीच्या घरी आले की सोफ्यावर बसून तोंड उघडते आणि आजी त्याला घास भरविते. आईने हटकले की आजीचे मन दुखावते. ज्या हातांनी चार मुले वाढविली त्या हातांना आता कालच्या पोरींनी शिकवावे काय, असे तिला वाटते. घरोघरीचा हा लहानसा कलह आम्हांस लहान वाटत नाही. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मोठा आहे. मूल शिकते कसे, आणि त्याच्या शिकण्यात मोठ्यांनी हात कोठवर घालावा? या प्रश्नाचा विचार ज्यांनी आयुष्य वेचून केला अशा तीन स्त्रियांच्या कार्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा हेतू आहे. त्यांपैकी एक रोमची, एक आपल्या मराठी मुलखातील आणि एक या इस्राएल देशातील.

रोमच्या चाळीतील बालगृह

मारिया मोंटेसरी हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. महाराष्ट्रात तर कोणत्याही शिशुवर्गाला 'मोंटेसरी' म्हणण्याची रूढीच पडली. परंतु ही बाई मुळात शिक्षिका नव्हती. ती डॉक्टर होती. रोमच्या विद्यापीठातून १८९६ साली ती वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडली आणि मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांवर तिने प्रथम काम केले. त्या मुलांच्या हाती योग्य वस्तू दिल्या तर त्यांची बुद्धी जागी होते, हे तिच्या ध्यानात आले. मग निरोगी मुलांच्या शाळांत ती का झोपविली जाते, असा प्रश्न तिला पडला.

तो तपासून पाहण्याची संधी तिला सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मिळाली. तेथील चाळींची डागडुजी करणाऱ्या मंडळींपुढे एक अडचण होती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले जिने-भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत गुंतवून ठेवावे एवढ्याच माफक हेतूने ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे 'बालगृह' उघडले. पन्नासच्या वर मुले आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी शिक्षणशास्त्राचा गंधही नसलेली एक बाई, असा तो संसार होता.

तेथे घडलेल्या काही गोष्टी मोंटेसरीबाईंनी स्वतः लिहून ठेविल्या आहेत. मुलांसाठी केलेली साधने एका कपाटात कुलूप लावून ठेवीत आणि बाई ती वाटून देत. एके दिवशी कपाट उघडे राहिले. बाई उशिरा येऊन पाहतात तो मुलांनी आपापल्या आवडीच्या वस्तू काढून घेतल्या आहेत आणि ती कामात गढून गेली आहेत. बाईंना ही चोरी वाटली. मोंटेसरीबाईंना त्यात निराळेच काही दिसले: मुलांना वस्तूंची ओळख झाली आहे आणि आपणांस कोणती हवी हे त्यांना कळते. तेव्हापासून कुलपाचे कपाट गेले आणि मुलांच्या हाताला येतील अशा उंचीच्या उघड्या फळ्या आल्या. आज आपल्या नातवंडांच्या वर्गात ज्या बुटक्या फळ्या दिसतात, त्यांचा उगम असा आहे.

दुसरी गोष्ट तीन वर्षांच्या एका मुलीची. लाकडी ठोकळ्यातील खाचांत लहानमोठ्या जाडीचे दट्टे बसविण्याचे एक साधन आहे. ती मुलगी सगळे दट्टे काढी, मिसळी आणि पुन्हा बसवी. भोवती मुलांनी गाणी म्हटली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविले, तरी तिचे काम थांबेना. चाळीसहून अधिक वेळा ते करून झाल्यावर ती आपणहून थांबली आणि गाढ झोपेतून उठावे तशी प्रसन्न दिसली. तिला कोणी शाबासकी दिली नव्हती, की खाऊचे आमिष दाखविले नव्हते. शिवाय चूक झाली तर ती दाखविण्यास बाई लागत नव्हती. दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्टा उरतो आणि त्याला जागा मिळत नाही. चूक वस्तूच सांगते. मोठ्या माणसाच्या तोंडून "चुकलास" हा शब्द ऐकताना मुलाला जो कमीपणा येतो, तो येथे येत नाही.

आजी-आजोबांनी विशेष मनन करावे अशी तिसरी गोष्ट आहे. पाण्याच्या एका कुंड्यात खेळणी तरंगत होती आणि भोवती मुलांची गर्दी होती. मागे राहिलेल्या एका लहानग्याला काही दिसेना. त्याने क्षणभर विचार केला आणि एक छोटी खुर्ची पाहून त्याचा चेहरा उजळला. तिच्यावर चढून पाहावे अशा इराद्याने तो तिकडे निघालाच होता, तोच शिक्षिकेने "बिचारा! ये, तूही बघ" असे म्हणत त्याला उचलून घेतले. मुलाला खेळणी दिसली खरी, पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पार मावळला. बाईंचे प्रेम खोटे नव्हते, परंतु आपली अडचण आपण सोडविली हा अनुभव त्या मुलाच्या हातातोंडाशी आलेला असताना त्या प्रेमाने तो हिरावून घेतला.

कोसबाडची टेकडी

मोंटेसरीबाईंचे विचार हिंदुस्थानात त्या स्वतः येण्यापूर्वीच पोहोचले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून ते या कामाला लागले होते. पुढे त्यांना तेथे येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. या दोघांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मोंटेसरीबाई १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या, आणि महायुद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरल्यामुळे त्यांना ती वर्षे हिंदुस्थानातच काढावी लागली. तेथे त्यांनी शेकडो शिक्षकांना शिकविले.

परंतु ताराबाईंना एक शल्य होते. मोंटेसरीची सुबक लाकडी साधने महाग. ती घेऊ शकणारी बालमंदिरे शहरांतील सुखवस्तू कुटुंबांसाठी चालत. खेड्यातील मुलाचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे लग्न बालवयात झाले आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले. शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या, आणि ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन त्यांनी उरलेले सारे आयुष्य या कामाला वाहिले.

बोर्डीच्या बालवाडीत गावातील बऱ्या स्थितीतील मुले आली. वाड्या-पाड्यांतील दलित व आदिवासी मुले मात्र येईनात. त्यांना शाळेचे भय वाटे, अंगावर धड कपडा नसे आणि आईबाप भल्या सकाळी मजुरीला जात. तेव्हा ताराबाईंनी ठरविले की मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. रोज सकाळी शिक्षिका वस्तीवर जात. एखादे अंगण झाडून घेत, मुलांना आंघोळ घालीत, नखे काढीत, केस विंचरीत, गाणी-गोष्टी सांगत. साधने म्हणून काय, तर शंखशिंपले, गोटे, चिंचोके, पाने-फुले, माती आणि बांबू. लहानमोठे ओळखण्यासाठी दट्ट्यांऐवजी गोटे चालतात आणि मोजण्यासाठी महागड्या मण्यांऐवजी चिंचोके. अंगणात भरणारी ही शाळा म्हणजेच 'अंगणवाडी'. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने मुलांच्या पोषण-शिक्षणाची देशव्यापी योजना ३३ विभागांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज भारतात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत.

पुढे १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. येथे वारली मुलांशी गाठ पडली आणि स्वावलंबनाच्या प्रश्नाला एक निराळेच वळण लागले. रोमच्या मुलाला स्वतःच्या हातांनी काही करण्याची मोकळीक शाळेने द्यावी लागली होती. वारली मूल मात्र आधीच आपल्या हातांवर उभे होते. सहा-सात वर्षांचा मुलगा गुरे राखीत होता आणि त्याची बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर हिंडत होती. अशा मुलांना "वेळेवर या, रांगेत बसा" म्हणून उपयोग काय? म्हणून गुरे चरतात तेथेच 'कुरणशाळा' भरविण्यात आली. धाकट्या भावंडामुळे मोठी बहीण अडते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' करण्यात आली. ज्या मुलाला झाडे, पाखरे, जनावरे यांची नावे व सवयी ठाऊक आहेत, त्याला अडाणी कसे म्हणावे? त्याला जे येते तेथून पुढे जावयाचे, ही कोसबाडची रीत होती. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी १९९२ सालच्या आपल्या अखेरीपर्यंत ते काम सांभाळले.

स्दे एलियाहूचे अंगण

आता आपल्या या देशाकडे वळू. पहिले हिब्रू बालवर्ग रिशोन लेत्सियोन येथे १८९८ साली सुरू झाले. पुढे १९४९ सालच्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात पाच वर्षांपासूनच्या मुलांचा समावेश झाला. १९८४ साली दुरुस्ती होऊन तीन व चार वर्षांची मुलेही कायद्याच्या कक्षेत आली, पण त्याची सर्वत्र अंमलबजावणी व्हावयास २०१२ साल उजाडले. याचा अर्थ असा की आज आमच्या समाजातील तीन वर्षांचे प्रत्येक मूल गनमध्ये जाते, आणि तेथे काय चालते हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे.

या देशाच्या बालशिक्षणात मलका हास या स्त्रीने एक अभिनव भर घातली. जर्मनीहून आलेल्या मलकाबाई बेत-शआनच्या खोऱ्यातील स्दे एलियाहू या धार्मिक किबुत्सात गनेनेत होत्या. त्यांनी मुलांच्या अंगणात रंगीत झोपाळे-घसरगुंड्यांच्या जोडीला मोठ्यांच्या जगातील टाकाऊ वस्तू आणून ठेविल्या: जुनी पातेली, फळ्या, टायर, खोकी, मोडकी यंत्रे, चिंध्या. हिब्रूत अशा अंगणाला 'हत्सर ग्रुताओत' म्हणतात. आपण 'मोडक्यातोडक्या वस्तूंचे अंगण' म्हणू. प्रथम पाहणाराला तो उकिरडाच वाटतो. परंतु घसरगुंडीचा उपयोग एकच, तो तिच्या कारागिराने आधीच ठरविलेला. फळी आणि टायर यांचे काय करावयाचे हे मात्र मुलानेच ठरवावयाचे असते. आज ती नाव होते, उद्या दवाखाना, परवा दुकान. जड फळी एकट्याने उचलत नाही, म्हणून सोबत्याला बोलवावे लागते. दोघांचे मत पटले नाही तर बोलून जमवावे लागते. मूल हे सारे 'खेळलो' या एका शब्दात सांगून मोकळे होते.

आणि मोठ्यांचे काम? ते कमी होत नाही, बदलते. धारदार, गंजलेले, विषारी असे काही अंगणात राहू नये म्हणून गनेनेतने रोज पाहणी करावयाची, जुन्या वस्तू काढून नव्या आणावयाच्या, मुलांजवळ राहावयाचे, पाहावयाचे, आणि पुष्कळदा गप्प बसावयाचे. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण.

मोंटेसरी आणि मलका हास यांच्या मार्गांत अंतर आहे हे आम्ही लपवू इच्छीत नाही. मोंटेसरीच्या वर्गात प्रत्येक साधनाचा उपयोग ठरलेला असतो आणि लुटुपुटीच्या खेळाला तेथे फारसा मान नाही. मलकाबाईंच्या अंगणात तर लुटुपुटीचाच संसार. एकीने क्रमाने चढणाऱ्या पायऱ्या बांधल्या, दुसरीने मोकळे मैदान दिले. परंतु आपल्यापुढे काय आहे हे मुलाला आपल्या हातांनी पाहू द्यावे, आणि मोठ्यांनी वाट तयार करून बाजूला व्हावे, याविषयी दोघींचे एकमत आहे. ताराबाईंचे अंगण या दोहोंच्या मधोमध शोभून दिसते.

मोकळीक म्हणजे बेशिस्त काय?

वडील मंडळींचा खरा आक्षेप येथे आहे, आणि तो गैरवाजवी नाही. मूल मनाला येईल ते करू लागले तर पुढे त्याला वळण कोण लावणार?

चांगल्या बालवर्गात जाऊन तासभर बसावे, म्हणजे या शंकेचे निरसन होते. मोंटेसरीच्या रीतीने प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवितात. दुसऱ्याच्या हाती असेल तर थांबावयाचे, हा धडा न शिकविता मिळतो. घेतलेली वस्तू पुसून जागच्या जागी ठेवावयाची, दुसऱ्याच्या कामात लुडबूड करावयाची नाही, कोणाला दुखवावयाचे नाही. या मर्यादा पक्क्या असतात. मूल काम निवडते, नियम निवडीत नाही. छडीची शिस्त छडी असेतोवरच टिकते, हे ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगणे नलगे. कामात रमल्यामुळे आलेली शिस्त मुलाबरोबर घरी येते.

अक्षरओळखीची काळजीही अशीच. सान लोरेन्झोतील मुलांनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरविली होती. एके दिवशी गच्चीवर एका मुलाने खडूने धुराड्याचे चित्र काढले आणि अचानक शब्द लिहावयास सुरुवात केली, आणि पाहता पाहता बाकीची मुलेही लिहू लागली. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सोडत काढून सरकारी मोंटेसरी शाळांत प्रवेश दिला जाई. सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाच वर्षांची मोंटेसरीची मुले वाचनाच्या व गणिताच्या तयारीत मागे नव्हती, पुढेच होती, आणि आपसांतील भांडण सोडविण्यातही सरस होती.

अर्थात सगळीकडे असे चालते असे समजू नये. 'मोंटेसरी' ही पाटी कोणीही लावू शकतो. एका गनेनेतच्या हाती तीस-पस्तीस मुले असली म्हणजे चांगल्या विचारांचीही ओढाताण होते. म्हणून पालकांनी वर्ग पाहावयास जावे तेव्हा भिंतीवरील सजावटीपेक्षा चार साध्या गोष्टी पाहाव्यात. फळ्या कोणाच्या उंचीच्या आहेत? पाणी कोण ओतते? सांडलेले कोण पुसते? आणि बोलते अधिक कोण, बाई की मुले?

घरातील आजीची शाळा

वर्गातील या रीतीचा घराशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते येथेच आजीची खरी जागा आहे. मोंटेसरीबाईंनी ज्यासाठी मुद्दाम साधने बनविली ती कामे आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतात: मटार सोलणे, तांदूळ निवडणे, कणीक मळणे, डाळ या भांड्यातून त्या भांड्यात ओतणे. मलिद्याची तयारी घ्या. पोहे धुऊन निथळत ठेवणे, त्यांत खोबरे व साखर कालविणे, तबकात फळे मांडणे, यांतले कोणते काम चार वर्षांच्या मुलाला जमणार नाही? सुरी आणि चूल आजीकडे असू द्यावी, बाकीचे त्याच्या हाती द्यावे. पोहे सांडतील. केरसुणीही मग त्याच्याच हाती द्यावी.

यात आणखी एक लाभ आहे आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. पुष्कळ घरांत आजीचे हिब्रू तोकडे आणि नातवाची मराठी त्याहून तोकडी. दोघे एकमेकांवर जीव टाकतात, पण बोलणे दोन-चार वाक्यांपुढे जात नाही. समोर बसवून मराठी शिकवू गेले तर मूल पळते. परंतु हात कामात असले म्हणजे शब्द त्या कामाबरोबर येतात. निवड, चाळ, मळ, ओत, निथळ, कालव, ही क्रियापदे मूल पुस्तकातून शिकणार नाही. ती त्याच्या बोटांत उतरतील. घास भरविताना आजीला एकच शब्द लागतो, तो म्हणजे "आ कर". सोबत काम करताना शंभर लागतात.

घास भरविण्यात माया आहे याविषयी वाद नाही. आजारी मुलाला, रुसलेल्या मुलाला, सणाच्या दिवशी कौतुकाने अवश्य भरवावे. रोज मात्र ताट त्याच्यापुढे ठेवावे आणि आपण शेजारी बसून जेवावे. जोड्याचा बंद बांधावयास त्याला पाच मिनिटे लागत असतील तर घरातून पाच मिनिटे आधी निघावे. निवृत्त आजी-आजोबांपाशी वेळ आहे आणि कामावर धावणाऱ्या आईबापांपाशी तो नाही. या बाबतीत वडीलधारी मंडळी तरुणांच्या मागे नाहीत, पुढे आहेत.

तेव्हा पुढच्या खेपेस नातू गनमधून येऊन "खेळलो" म्हणाला, तर "कोणाबरोबर? कशाने? मग पुढे काय झाले?" असे त्याला मराठीत विचारावे, आणि तो ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐकून घ्यावे. आजींनी येत्या शब्बाथच्या तयारीतील एखादे काम त्याच्यासाठी राखून ठेवावे, आणि ते तो करीत असता मध्ये हात घालू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.